पहिल्या प्रकरणात भांडण हवंच

वत्सला सुरतेला मुलाकडे वारली. फोन आला तेव्हा गल्लीतल्या दोघी-तिघी रडल्या. मी रडले नाही. मला आधी तिचं हसणं आठवलं, आणि ते आठवलं की रडायचं राहून जातं. इतर बायका तोंडाला पदर लावून हसतात. ही तोंड उघडं टाकून हसायची. हसता हसता उचकी लागायची, मग पाणी आणा, पाठ चोळा. तेवढ्यात पुन्हा काहीतरी आठवायचं आणि प्यायलेलं पाणी बाहेर.

तिला एकच व्यसन होतं. हसऱ्या प्रेमाच्या कादंबऱ्या. देवाधर्माचं नाही, रहस्याचं नाही, रडारडीचं तर नाहीच. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायची. शेवटी दोघं एकत्र आली असली तरच पहिलं पान उघडायची.

मी एकदा विचारलं, "शेवट कळला तर मग वाचायचं कशाला?"

"शेवट वाईट ऱ्हायना तर माले पुस्तक कसाले लागस, जिजी? रडाले घर शे ना मन्हं."

मी चौथीपर्यंत शिकले. माझं वाचन पोथीपुरतं. असल्या पुस्तकांबद्दल माझं मत तेव्हाही चांगलं नव्हतं, आजही फार चांगलं नाही. पण वत्सलाबद्दल लिहायचं तर पुस्तकं टाळता येत नाहीत, म्हणून लिहिते.

आमच्या प्रकाशा गावात उन्हाळा लागला की गल्लीत पापडांची पाळी लागते. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. जिच्या घरचे पापड तिने चहा करायचा, बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. वत्सलाही यायची. पण तिचा पापड एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला भाकरी. कडा कुठेही गेलेल्या. गल्लीतली सगळ्यात म्हातारी गेंदाआजी. तिने एक दिवस वत्सलाचा पापड उन्हात धरला आणि म्हणाली, "वत्सला, हाऊ पापड शे का तापीना नकाशा?"

दुसरी कोणी असती तर रुसली असती. वत्सलाने लाटणं खाली ठेवलं, हात धुतले, पिशवीतून पुस्तक काढलं आणि भिंतीला टेकून बसली. "तुम्ही लाटा. मी वाचस."

तेव्हापासून तिला पापड माफ झाले. ती वाचणार, आम्ही लाटणार. पुस्तकं तिचा भाऊ नाशिकहून जुन्या बाजारातून पाठवायचा. पुढे मुलाने मोबाईल दिला, त्यावरही ती वाचायला शिकली. पण डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून अक्षरं इतकी मोठी करून ठेवायची की पडद्यावर चार शब्द मावत. ऐन विनोदाच्या जागी तिला बोटाने पान सरकवावं लागायचं, आणि आम्ही सगळ्या लाटणी अधांतरी धरून बसायचो.

पुस्तकं सगळी एका साच्यातली. एक पुण्या-मुंबईकडची मुलगी, नोकरी करणारी, जिभेने तिखट. एक मुलगा, देखणा, अक्कल बेताची. पहिल्या प्रकरणात दोघांची टक्कर होते. तिच्या हातातलं काहीतरी त्याच्या सदऱ्यावर सांडतं. भांडण जुंपतं. मग कसल्यातरी कारणाने दोघांना एकाच जागी काम करावं लागतं. मग गैरसमज, मग धावपळ, मग लग्न. ही मंडळी कामाला कधी जातात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी तर पुस्तकभर पडत असायची. जिन्यावरून पडते, खुर्चीवरून पडते, आणि दरवेळी तोच तिला धरतो. मी म्हणायचे, आधी हिचं रक्त तपासा.

"अगं, हेच तर तू मागच्या आठवड्यात वाचलंस," मी एकदा बोललेच.

"त्यामा कॉफी सांडी व्हती, जिजी. यामा सरबत शे."

ती नुसती वाचायची नाही. आमच्या गल्लीला समजेल असं करून घ्यायची. एका पुस्तकात ती दोघं लिफ्टमध्ये अडकली. आमच्यातल्या निम्म्या बायका लिफ्टमध्ये कधी चढल्या नव्हत्या. वत्सलाने लिफ्टची एसटी केली आणि तापीच्या पुलावर बंद पाडली.

"बाकीना पॅसेंजर कोठे ग्यात?" गेंदाआजीने विचारलं.

"उतरी ग्यात."

"मंग या दोन्ही का बरं नही उतरनात?"

वत्सलाने चष्मा वर केला. "आजी, त्यासले उतरानंच नही शे."

चुंबनाची जागा आली की ती घसा खाकरायची आणि म्हणायची, "आते दोन्ही जन च्या पेतस." सगळ्यांना कळायचं. सुना माना खाली घालून लाट्या मळायच्या. पुस्तक शेवटाकडे जाईल तसा चहा वाढत जायचा. एका दुपारी गेंदाआजी कंटाळून म्हणाली, "कितला च्या पेतस वं माय या! पित्त व्हयी जाई." वत्सलाला त्या दिवशी अशी उचकी लागली की पुढचं प्रकरण दुसऱ्या दिवसावर गेलं.

"हासी ल्या," ती आम्हाला सांगायची. "घर जाईसन कोन हासाडस?"

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिचा नवरा लोटनभाऊ पाटबंधाऱ्यात नोकरीला होता. सज्जन माणूस. दारू नाही, मारहाण नाही, आणि बोलणंही नाही. एका संध्याकाळी ओट्यावर वत्सलाने त्याला पुस्तकातला एक संवाद वाचून दाखवला. मी समोर गवार निवडत होते. मुलगी मुलाला काहीतरी टोमणा मारते, तो तिचाच शब्द उलटा फिरवून तिला देतो, असं काहीसं होतं. वाचून झालं आणि वत्सला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबली. लोटनभाऊने जरा विचार केल्यासारखं केलं आणि विचारलं, "मोटर बंद कयी का?"

वत्सला उठून मोटर बंद करून आली. येऊन पुढचं पान मनात वाचायला लागली. तेव्हा ती हसली नाही. मला वाटतं, एवढी ढीगभर पुस्तकं तिने का वाचली, ते सगळं त्या ओट्यावर होतं. त्या पुस्तकांत कोणी कोणाला काही म्हटलं की समोरचा उत्तर देतो. बस, एवढंच. पण एवढंही ज्याच्या घरी नाही, तो पुस्तक आणणारच.

आता सविताचं सांगते.

सविता म्हणजे वत्सलाच्या दिराची, बापूची मुलगी. एकाच घरात वाढलेली. वत्सलाला ती मोठी माय म्हणायची. बीए झाली होती आणि शहाद्याला खत-बियाण्यांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. दुकान उघडायचं तिच्याकडे, बंद करायचंही तिच्याकडे. सुट्टीच्या दिवशी पापडाला यायची आणि पुस्तक सगळ्यात जास्त मन लावून तीच ऐकायची. हसायची मात्र तोंड मिटून, बापाच्या घरात हसतात तसं.

त्या उन्हाळ्यात तिला दोन स्थळं आली. पहिला धानोऱ्याचा चेतन, पतपेढीत कामाला. आम्ही चार-पाच जणी स्वयंपाकघरात दाराआड. चेतन आला, बसला, पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाला. बापूने जे जे सांगितलं त्याला "चालेल" म्हणाला. सविताला फक्त एक गोष्ट विचारली, की पावसाळ्यात दुकान बंद करून घरी यायला फार उशीर होतो का. ती म्हणाली, होतो कधीकधी. तो म्हणाला, मग शेवटची बस चुकत असेल. झालं. गेला.

"हाऊ तर भांडनाच नही," गेंदाआजीने नाक मुरडलं.

"पहिलाच प्रकरणमा भांडन नही, मंग पुढे काय वाचानं?" दुसरी एक सून म्हणाली. सगळ्या हसल्या, वत्सला सगळ्यांत मोठ्याने. चेतन त्या हसण्यात वाहून गेला.

मग चारच दिवसांनी सारंगखेड्याचा निलेश आला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, बागायती जमीन, हातात जाड कडं. पोह्यांची बशी हातात घेतली आणि सविताकडे बघून म्हणाला, "हाई पोहा शेत का भिजाडेल तांदूय?"

बापूचा चेहरा उतरला. पण सविता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "दात दुखत व्हतीन तर शिरा करी देस."

निलेश खो खो हसला. "बोलस की पोरगी!" असं सविताला नाही, बापूला म्हणाला. सविताचा हात हलला आणि कपातला चहा बशीत सांडला.

दाराआड आम्ही एकमेकींना चिमटे काढत होतो. गेंदाआजीला तर राहवेना. "च्या सांडना ना? देखा, सांडना! आते जमनंच!"

आमच्या गल्लीतल्या बायकांनी आयुष्यभर जमीन बघून, नोकरी बघून, सासूचा स्वभाव बघून मुली दिल्या. या एका मुलीच्या वेळी त्यांनी चहा सांडला का ते बघितलं. वाचणारी वत्सला होती, म्हणून तिचाही त्यात मान. दोन दिवस ती गल्लीतून अशी चालायची की जसं काही हे प्रकरण तिनेच लिहिलं आहे. मुलगी काय म्हणते? मुलीला विचारलं तेव्हा ती वत्सलाकडे बघून म्हणाली, "मोठी माय, पुस्तकमा बी असंच ऱ्हास ना?"

"असंच ऱ्हास," वत्सला म्हणाली.

धानोऱ्याला नकार कळवला.

निलेश नंतर घरी दोनदा येऊन गेला, बोलणी पुढे न्यायला म्हणून. दरवेळी बायका कामधंदा सोडून जमायच्या. तो सविताच्या बोलण्यावर, साडीवर, शहाद्याच्या रस्त्यावर काही ना काही बोलायचा. ती उत्तर द्यायची. तो हसायचा. लोक म्हणायचे, काय जोडी आहे! फक्त वत्सला त्यातल्या दुसऱ्या खेपेला हसली नाही. कोपऱ्यात बसून त्या दोघांकडे बघत राहिली, जशी पुस्तकात एखादं पान सुटल्यावर मागे जाऊन बघायची तशी.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना मला म्हणाली, "जिजी, हाऊ बराबर भांडत नही."

"म्हणजे? आणखी किती भांडायचं त्याने?"

"तसं नही. पुस्तकमा पोरगा भांडस ना, तवय ती काय बोलनी ते धरीसन भांडस. तिना शब्द उचलस, मंग तिले देस. हाऊ काल आपलंच बोली ऱ्हायना व्हता. सविता भलतंच काही बोलती, तरी त्यानी तेच सांगं ऱ्हातं. तो ऐकतच नही, जिजी."

"मग सांग बापूला."

"काय सांगू? पोरगा चांगला भांडत नही, असं?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिने पापड उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मन्ह्या पुस्तकेस्नी तिले फसाडं," म्हणाली. "आते मीच काहीतरी करसू."

ती बोलणी पक्की करायच्या दिवशी काही करेल असं मला वाटलं नव्हतं. बैठकीत बापू, निलेश, निलेशचा मामा आणि गावातले दोन जाणते. मध्ये ताटात नारळ, साखर, सुपारी. बायका आत. वत्सला चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. कप दिले. आमच्याकडे बाई चहा देते आणि आत येते. ही तिथेच उभी राहिली.

"निलेशभाऊ, एक इचारू?"

"इचारा ना काकू."

"आमनी सविता दिनभर काय करस?"

निलेश हसला. "काय करी? घरनं काम करी. नही तं मोबाईल देखी!"

पुरुष हसले. बापू हसला नाही. दारात सविता उभी होती. पहिल्या दिवशी पोहे देताना तिने दुकानाचं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा ती दुकानातूनच थेट आली होती, हाताला खताचा वास, त्यावरूनही बोलणं झालं होतं. तिसऱ्यांदा तर तिने एका गिऱ्हाइकाची गंमत सांगितली होती, फुटलेली पिशवी परत करायला आलेल्या माणसाची. त्या गमतीवरही निलेश हसला होता. कशाला हसला होता देव जाणे.

"ती शहादाले दुकान चालाडस," वत्सला म्हणाली. "तीन दाव तुमले सांगं तिनं."

"अस्सं का? ऱ्हायनं मंग," निलेश म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "लगीन व्हवावर सोडी देई. त्यामा काय!"

"वहिनी, आत जा," बापू दात आवळून म्हणाला.

वत्सला हलली नाही. ती सविताकडे बघत होती, बापूकडे नाही. पुढचं तिने बोलायचं नव्हतं. ते सविताचं होतं.

सविता दारातून आली. ताटातला नारळ उचलला आणि आत घेऊन गेली. मामा तिच्या पाठीकडे बघत राहिला. जो फोडायचा तोच आत गेला, आता बसून काय करणार? चहा अर्धा टाकून मंडळी उठली. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत बापू जागचा हलला नाही. मग वत्सलासमोर येऊन म्हणाला, "तुन्हा पुस्तकेस्नी मन्हं घर बुडाडं!"

"पुस्तकेस्नी नही," वत्सला म्हणाली. "मी बुडाडं. आनि मीच काढं."

त्यानंतर बापू तिच्याशी बोलायचा बंद झाला. एका घरात दोन चुली झाल्या. धानोऱ्याकडे पुन्हा विचारायला माणूस पाठवला, तर चेतनचं दोंडाईच्याला ठरलं होतं. वत्सलाला ते कळलं. मग म्हणाली, "त्यानी एकच गोट इचारी व्हती. शेवटनी बसनी. आपुन हासनूत त्याले." गल्लीतल्या कोणाला तो प्रश्न आठवतही नव्हता.

गच्चीवरचं वत्सलाचं बोलणं माझ्याकडून गल्लीत फुटलं होतं, आणि बायका तिच्यावर भडकल्या त्या वेगळ्याच कारणाने. "इतलं वाचं, तवय का नही सांगं, ऐकीसन भांडनारा पाह्यजे म्हनीसन?" गेंदाआजीने तिला ओट्यावरच धरलं.

"माले बी आतेच समजनं, आजी."

"मंग ते सगळं खोटं व्हतं का?"

"खोटंच शे. खरं ऱ्हातं तर तुम्ही इतल्या हासनात असत्यात का?"

पुढच्या उन्हाळ्यात कोणी तिला पापडाला बोलावलं नाही. वाचायचं बंद. पहिल्या घरी आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो. दुसऱ्या घरीही गुडघ्यांबद्दल. तिसऱ्या घरी एका सुनेने मोबाईलवर मालिका लावली, त्यात दिवसभर कोणीतरी कोणाला विष देत होतं. दुपारी गेंदाआजीने लाटणं आपटलं आणि नातवाला वत्सलाकडे पिटाळलं. वत्सला पुस्तक घेऊन आली आणि जणू कालच सोडलं होतं अशी वाचायला लागली. एक बदल मात्र झाला. आता दोघांचं भांडण सुरू झालं की बायका मध्येच थांबवायच्या. "थांब. ती काय बोलनी व्हती? हां. आनि त्यानी काय उत्तर दिन्हं? पुन्हा वाच." आणि तो नीट उत्तर देत नसेल तर त्याला आईबहिणीवरून शिव्या. दोन पुस्तकं त्यांनी अर्ध्यात बंद करायला लावली. छापील माणसाला इतकं झोडपताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. या बायकांपैकी एकीनेही हाच हिशेब आपल्या घरी लावला नाही, हेही सांगून ठेवते.

सविताचं लग्न जमलं नाही. स्थळं यायची, जायची. कोणी म्हणे फार बोलते, कोणी म्हणे नोकरी सोडणार का. ती दुकानात जायची, यायची. बापू वत्सलाकडे बघून थुंकायचा. वत्सला ते बघायची आणि आत जायची. एकदाच मला म्हणाली, "जिजी, तिनं काही नही जमनं तर ते मन्हावर शे." मी तिला नाही म्हटलं नाही. होतंच ते तिच्यावर.

मग लोटनभाऊचे गुडघे गेले आणि मुलाने दोघांना सुरतेला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. लोटनभाऊ खिडकीपासून आतल्या सीटवर, वत्सला खिडकीशी. सविता त्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरवून आली होती. बस सुटायला वेळ होता. सविता खिडकीखाली उभी राहून काहीतरी सांगू की नको असं करत होती.

"बोल ना वं," वत्सला म्हणाली.

"काही नही, मोठी माय. खत कंपनीना एक पोरगा येस दुकानवर. नमुना देस, जास."

"मंग?"

"काल मी सांगं त्याले, या नमुनानी मुदत सरी गयी. तर बोलना, मन्ही बी सरत उनी, पन मन्ही कंपनी माले परत लेत नही."

वत्सला खिडकीतून खाली वाकली. "मंग तू काय बोलनी?"

"मी सांगं, पाकिटवर तारीख छापेल ऱ्हास. तुम्हनावर कोठे छापेल शे?"

"आनि मंग तो काय बोलना?"

कंडक्टरने घंटी मारली. बस गुरगुरली. सविता एक पाऊल मागे सरली. तिच्या तोंडावर मी आधी कधी न पाहिलेलं हसू आलं.

"फोनवर सांगसू!"

"फोनवर नको! आते सांग! तो काय बोलना?" वत्सलाने खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं. लोटनभाऊने आतून तिच्या साडीला धरलं होतं.

"मावशी, डोकं आत घ्या!" कंडक्टर ओरडला.

सविताने मला परत येताना सांगितलं तो काय बोलला ते. ठीक होतं. एवढा जीव टांगण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही. पण बस पुलाकडे वळेपर्यंत मी बघत होते, आणि वत्सलाचं डोकं बाहेरच होतं.